सॅन ओनोफ्रेचे पोलाद आणि समुद्राचे मीठ

लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांच्या दरम्यान, पॅसिफिकच्या किनाऱ्याला खेटून, सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्राचे वापरलेले इंधन १२३ स्टेनलेस पोलादी डब्यांत ठेवलेले आहे. केंद्र २०१३ मध्ये कायमचे बंद झाले. शेवटचा डबा ऑगस्ट २०२० मध्ये भरण्यात आला. डब्यांची भिंत जेमतेम १६ मिलिमीटर जाडीची आहे.

हे पोलाद गंजत नाही, हा त्याचा लौकिक क्रोमियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरावर उभा आहे. सागरी हवेतील क्लोराइड नेमका तोच थर भेदते. त्यातच वेल्डिंगनंतर सांध्यालगतच्या धातूत ताण शिल्लक राहतो आणि त्या ताणाच्या वाटेने भेग आत सरकते. विचित्र बाब अशी, की डबा तप्त असेपर्यंत त्यावरील मीठ कोरडे, म्हणून निरुपद्रवी असते. वर्षांगणिक इंधन निवते, मीठ हवेतील ओलावा शोषू लागते आणि धोका तेथून सुरू होतो.

ही केवळ प्रयोगशाळेतील भीती नव्हे. याच केंद्रात २००९ मध्ये ३०४ प्रतीच्या पोलादी नळांना, सुमारे २५ वर्षांच्या वापरानंतर, आरपार भेगा आढळल्या होत्या. नवे डबे अधिक टिकाऊ ३१६एल प्रतीचे आहेत आणि त्यांपैकी एकालाही आरपार भेग पडल्याची नोंद नाही, हे खरे. परंतु प्रत बदलल्याने भेग लांबते, टळत नाही.

अमेरिकी सरकारने १९८२ च्या कायद्यान्वये हे इंधन १९९८ पासून ताब्यात घ्यावयाचे होते. नेवाडातील युक्का माउंटन प्रकल्प ओबामा यांच्या कारकिर्दीत गुंडाळला गेला. डबे किनाऱ्यावरच आहेत.