विठाबाईंची रजा

'लावणी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गॅदरिंगची शेवटची रात्र, कुणाच्या तरी आईची नऊवारी, ती नेसवून स्टेजवर ढकललेला मेकॅनिकलचा एखादा 'बळीचा बकरा' आणि मागच्या रांगेतल्या शिट्ट्या! हसायला माझी हरकत नाही. तमाशात पूर्वी बाईचं काम पुरुषच करायचा, त्याला 'नाच्या पोऱ्या' म्हणत. म्हणजे आपण नकळत जुनी परंपराच चालवतोय! पण लावणी म्हणजे एवढंच, असं जे आपण धरून चाललोय, त्याबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे 'कंट्री साँग' हा शब्द मोठ्या आदराने घेतात. अमेरिकेतल्या लॉरेटा लिनचं नाव कदाचित तुम्हीही ऐकलं असेल. १९३२ चा जन्म, केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत चार मुलं. नंतर गिटार हातात घेतली आणि संसारातल्या बाईला जे बोलता येत नाही तेच गाण्यात लिहिलं. १९७२ साली तिथल्या कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई. १९८० मध्ये तिच्या आयुष्यावर सिनेमा निघाला, त्याला ऑस्कर मिळालं.

आता आपल्याकडे या. लॉरेटानंतर तीनच वर्षांनी, जुलै १९३५ मध्ये पंढरपूरला विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर जन्मल्या. घराणंच तमाशाचं. वडील भाऊ आणि काका बापू यांचा फड प्रसिद्ध होता. लहानपणापासून विठाबाई फडावर उभ्या राहिल्या. तमाशात उभं राहणं म्हणजे काय, हे जरा समजून घ्या. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. खेळ रात्रभर चालणार. ढोलकी आणि हलगीच्या वर आवाज काढायचा, तो शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा, त्यातच नाचायचं आणि समोरून आलेल्या टोमण्याला हजरजबाबी उत्तरही द्यायचं. आपण पाच मिनिटांच्या सेमिनारमध्ये पाणी पितो!

विठाबाई हे सगळं करत होत्या, आणि उत्तम करत होत्या. १९५७ आणि १९९० असा दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला.

पण विठाबाईंचं नाव काढलं की लोक हे काही सांगत नाहीत. सांगतात ती एकच गोष्ट. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा स्टेजवर उभ्या राहिल्या. मोबाइलवर ही गोष्ट फिरते तेव्हा खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'कलेवरची निष्ठा!' असं लिहिलेलं असतं.

माझं मत थोडं वेगळं आहे. निष्ठा होतीच, त्याबद्दल शंका नाही. पण त्या रात्री घरी राहायची सोय त्यांना होती का? तमाशातला कलावंत हंगामाच्या सुरुवातीला 'उचल' घेतो आणि नाचून, गाऊन ती फेडतो. गावाने सुपारी दिलेली असते, राहुटी ठोकलेली असते, तिकिटं फाटलेली असतात. खेळ बंद ठेवला तर सगळ्या फडाच्या पोटाचा प्रश्न. प्रसूती रजेचा कायदा आपल्या देशात १९६१ साली झाला. २०१७ च्या दुरुस्तीने ती पगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत गेली. आपल्यातल्या मुली उद्या कंपनीत लागल्या की ही रजा हक्काने घेतील, आणि घ्यायलाच हवी. मग तीच रजा न मिळालेल्या बाईची गोष्ट आपण शौर्यकथा म्हणून का सांगतो?

गंमत म्हणजे या गोष्टीचा शेवट कुणी नीट ऐकतच नाही. सांगतात की विठाबाई परत आल्या तेव्हा प्रेक्षकांच्या लक्षात आलं, की मघाशी दिसणारं पोट आता नाही. चौकशी झाली. मग त्याच पब्लिकने हात जोडले, 'बाई, आता आराम करा' म्हटलं आणि खेळ थांबवला. तिकीट काढून आलेल्या, अडाणी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या माणसांनी बाईंना रजा दिली. त्यांना जे कळलं ते आपल्याला डिग्री घेऊन कळत नाही, याचं मला नवल वाटतं.

विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. शेवटचे दिवस हलाखीचे होते. दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं. पुढे सरकारने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. मुलगी मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून नाव कमावलं. पण कलावंत म्हातारा झाल्यावर पुरस्कार द्यायचा आणि तोपर्यंत त्याने कसं जगायचं ते विचारायचं नाही, ही पद्धत काही मला पटत नाही.

दर वर्षी १२ जानेवारीला आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी केवढी गर्दी लोटते! त्यानंतर तिसऱ्याच दिवशी विठाबाईंची पुण्यतिथी असते आणि ती कुणाच्या गावीही नसते.

म्हणून गॅदरिंग कमिटीला एक सूचना. डीजेच्या बजेटमधून थोडे पैसे काढा आणि एका वर्षी खरी ढोलकी, खरे झीलकरी आणि खरी गाणारी बाई बोलवा. त्यांचं मानधन आधी ठरवा, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री हातात द्या. 'पुढच्या आठवड्यात बघू' नको. त्यांच्या जेवणाची सोय मेसमध्ये आपल्याच टेबलावर करा. शिट्ट्या मारायच्या तर जरूर मारा, पण गाणं संपल्यावर आणि गाण्यासाठी!