रात्रपाळीवरून आलेला पालक



परिपाठात आपण मुलांना नेहमी सांगतो, कोणी वाईट बोललं तरी आपण चांगलं बोलावं. मुलं मान डोलावतात. पण तीच वेळ आपल्यावर आली की काय होतं, ते मागच्या वर्षी मी अनुभवलं.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील सकाळी दारातूनच ओरडत आले. आदल्या दिवशी खेळताना मुलाचा गुडघा फुटला होता. "तुम्ही करता काय इथे? फुकटचा पगार घेता!" सगळा वर्ग बघत होता. खरं सांगते, माझ्या मनात दया वगैरे काही नव्हती, रागच होता. उत्तरही ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्यांच्या केसांत आणि शर्टावर कापसाचा पांढरा भुरा दिसला. भिवंडीत राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. माणूस बारा तास लूमवर उभा राहून, रात्रपाळी करून थेट शाळेत आला होता. मी म्हटलं, "दादा, आधी बसा. पाणी घ्या. मग सांगा."

ते बसले. गुडघ्याचा विषय पाच मिनिटांत संपला. खरं दुखणं वेगळंच होतं. मुलाला लागल्याचं त्यांना शाळेतून नाही, शेजाऱ्याकडून कळलं होतं. ही चूक आमचीच होती. मी भांडले असते तर ती कधी कळलीच नसती. जाताना मात्र मीही त्यांना सांगितलं, "मुलांसमोर पुन्हा असं बोलू नका." त्यांनी मान खाली घातली.

आपल्या भिवंडीला ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकावी लागली आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींबद्दल घरातली मोठी माणसं आजही हळू आवाजात बोलतात. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. त्यात वस्तीतले हिंदू-मुसलमान आणि पोलीस एकत्र बसायचे आणि साध्यासुध्या तक्रारींवर, शेजारपाजारच्या भांडणांवर बोलायचे. त्यामुळे अफवा आली की खरं-खोटं कोणाला विचारायचं हे माहीत असायचं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर सगळं कायमचं गोड झालं असंही नाही. 2006 मध्ये याच गावात जमावाच्या हल्ल्यात दोन पोलिसांचा जीव गेला. पण आपण इयत्ता चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवतो, तसा आपल्याच गावाचा हा इतिहासही कधीतरी मुलांना सांगायला हवा, असं मला वाटतं.

3 जानेवारीला सावित्रीबाईंची गोष्ट सांगताना एका मुलीने विचारलं, "बाई, अंगावर शेण टाकलं तर त्यांना राग आला नसेल का?" मी थोडी अडखळले. मग म्हटलं, "आला असेल गं. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा शाळेत गेल्या." आपण त्यांना नुसत्या सोशिक करून टाकतो, ते मला पटत नाही. त्या सोसत होत्या, पण शाळा बंद करत नव्हत्या.

माझे एक सहकारी म्हणतात, "बाई, असं मऊ वागलात की लोक डोक्यावर बसतात." त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. कोणी रोजच शिवीगाळ करत असेल, अंगावर येत असेल, तर तिथे पाण्याचा ग्लास कामाचा नाही. तो विषय मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीत न्यावा. पण असे पालक किती असतात? माझ्या दहा-बारा वर्षांच्या नोकरीत दोन. बाकीचे सगळे थकलेले, घाबरलेले किंवा ज्यांचं कोणी ऐकून घेतलेलं नाही असे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र माझा अजूनही तोल जातो. रात्री अकराला कोणीतरी टोमणा टाकतं आणि बोटं शिवशिवतात. आता मी फोन पालथा ठेवते आणि सकाळी त्या पालकांना थेट फोन करते. ग्रुपवर वाघ असलेला माणूस फोनवर बहुधा साधाच निघतो.

मुलाला खरचटलं तरी त्याच दिवशी घरी कळवायचं, हे आता आमच्याकडे ठरलं आहे. वहीत पालकांच्या नंबरपुढे त्यांची पाळीही लिहून ठेवली आहे, दिवस की रात्र. ते वडील पुढच्या पालकसभेला आले नाहीत, त्यांची पाळी होती. पण माझा फोन आता पहिल्या रिंगला उचलतात.