शौर्य कीं शिदोरी ?

डोंगरावर जावयाचें तर मनाची उमेद पुरे, तयारी हें भित्र्यांचें भांडवल आहे, असें एक मत आमच्या तरुण मंडळींत बरेंच बळावलें आहे. मावळे काय पाण्याच्या बाटल्या पाठीला बांधून गड चढले, असा प्रश्न या मताचे पुरस्कर्ते मोठ्या आवेशानें विचारतात, आणि ऐकणारा निरुत्तर झाला असें समजून पुढें चालूं लागतात. आम्ही निरुत्तर झालों नाहीं. हें मत इतिहासास धरून नाहीं व व्यवहारासही धरून नाहीं; त्याची किंमत मात्र अधूनमधून कोणाच्या तरी घरीं मोजावी लागते. म्हणून त्याचा स्पष्ट शब्दांत प्रतिवाद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

उदाहरणादाखल तोरण्याहून राजगडास धारेनें जाण्याची वाट घेऊं. वेल्हें गांवाहून तोरणा चढावा, बुधला माचीवरून उतरून डोंगराची सोंड धरावी, आणि संजीवनी माचीच्या अळू दरवाजानें राजगडांत शिरावें. तोरण्याची उंची सुमारें १,४०० मीटर. एका दिवसांत दोन गड आणि मधली धार, म्हणजे चांगल्या चालणाऱ्यासही उजाडल्यापासून तिन्हीसांजेपर्यंतचें काम. माती मुरमाड, तीवर वाळलेलें गवत, कांहीं ठिकाणीं दोन्ही अंगांस उभा उतार. सावली थोडी; आणि तोरण्यावरील टाकें मागें पडलें कीं राजगडापर्यंत पाण्याचा भरवसा धरतां येत नाहीं.

मावळ्यांचा दाखला देणारांनीं तो दाखला पुरता पाहिलेला नाहीं. मावळा त्याच डोंगरांत जन्मला, गुरांमागें त्याच धारा तुडवीत वाढला. त्याची तयारी जन्मापासून चालू होती. आठवडाभर खुर्चीवर बसणाऱ्या पदवीधरानें शनिवारीं रात्रीं त्याचा वारसा सांगावा, हें धाडस खरें, पण शौर्य नव्हे. आणि त्या राज्याची रीत तरी कोणती होती? गड बांधावयाचा तर आधीं पाणी पाहावें, नसेल तर खडक फोडून टाकीं करावीं, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत घातलेला आहे. ज्यांनीं पाण्याची चिंता आधीं केली, त्यांच्या नांवाचा जयघोष करीत कोरड्या घशानें त्यांच्याच गडावर निघावें, ही भक्ति आम्हांस समजत नाहीं.

याच्या उलट टोंकास दुसरा एक पक्ष आहे. त्याची तयारी दुकानांत होते. आदल्या दिवशीं भारी किंमतीचे बूट आणावे आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत टांचेला फोड घेऊन बसावें, हा त्याचा शिरस्ता. तयारी विकत मिळत नाहीं. निदान सहा आठवडे आधींपासून, पाठीवर ओझें घेऊन, सिंहगडासारखी चढण वारंवार चढावी. बूट त्याच चढणीवर रुळवावे. उन्हांत कष्टाची चाल असली तर तासाला लिटरभर घामही जाऊं शकतो. म्हणून प्रत्येकानें चार लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ घ्यावें. वादळी ढगांचे दिवस टाळावे, कारण उघड्या धारेवर विजेपासून आसरा नाहीं. पहांटे निघावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, परत कोठून व किती वाजतां फिरावयाचें तें घरींच ठरवावें.

या शेवटच्या कलमावर आमचा सारा भर आहे, कारण तें आम्ही फार महाग शिकलों. तीस वर्षांपूर्वीं, मार्च महिन्यांत, आम्ही चौघे तरुण अध्यापक प्रत्येकी एकेक बाटली घेऊन या धारेवर निघालों. बुधला माचीवरच अकरा वाजले होते. परत फिरावें असें चौघांच्याही मनांत आलें. बोलला एकही नाहीं. दुपारीं एक सोबती असंबद्ध बोलूं लागला आणि खालीं बसला. जवळच्या वाडीवरील एका धनगरानें घागर आणून त्याच्या डोक्यावर पाणी ओतलें, शुद्धीवर आल्यावर ताक पाजलें, आणि संध्याकाळीं आम्हां सर्वांस खालीं उतरविलें. त्या दिवशीं आमच्या शौर्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. त्याच्या घागरीचा झाला.

मागें फिरणें म्हणजे हार, असें यावर कोणी म्हणेल. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत शिवाजी महाराजांनीं २३ किल्ले मोंगलांस दिले, आणि १६७० पासून त्यांतील बहुतेक परत घेतले. वेळ ओळखून घेतलेली माघार ज्यांना तेथें मुत्सद्देगिरी वाटते, त्यांना धारेवर ती भ्याडपणा कां वाटावी? तोरणा पुढल्या रविवारींही जागेवरच असतो.

या विवेचनाचा आधार घेऊन कोणा आईबापांनीं मुलामुलींस डोंगर बंद करूं नये. तसें झाल्यास आमचा हेतूच फसला. त्यांना अवश्य जाऊं द्यावें. फक्त उंबरठ्यावर दोन प्रश्न विचारावे: पाणी किती घेतलें, आणि परत कोठून फिरणार? पहिल्याचें उत्तर पिशवी उघडून पाहतां येईल. दुसऱ्याचें उत्तर ज्याला देतां येत नाहीं, तो अजून निघण्यास तयार झालेला नाहीं.