एक सत्र बाजार समितीच्या आवारात

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावून झाले होते, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्यही ठरले होते. मार्चअखेरपर्यंत म्हणून आलेली बंदी लांबली आणि ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. सप्टेंबरमध्ये मूल्याची अट गेली, शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटले. खरीप, रांगडा आणि उन्हाळ कांद्याच्या लागवडीचा निर्णय शेतकरी कित्येक महिने आधी घेतो. दोन वर्षांच्या आत नियम इतक्या वेळा बदलल्यावर तो निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा, हा प्रश्न त्या काळात लासलगाव, पिंपळगाव, चाकण अशा सगळ्याच आवारांत विचारला गेला. त्यावर मोर्चे निघाले, लिलाव बंद पडले, निवडणुकीत मतेही फिरली. मात्र बंदीच्या आदल्या दिवशीचा आणि नंतरच्या आठवड्यांचा भाव, आवक, प्रतवारीनुसार पडलेला फरक आणि त्याच काळात मुंबईतल्या ग्राहकाने मोजलेली किंमत यांचा एकत्र हिशेब हातात घेऊन बोलणारे फार थोडे होते. खुल्या व्यापाराच्या बाजूने बोलणाऱ्यांची खरी उणीव इथेच आहे. त्यांच्याकडे तत्त्व आहे, संतापही आहे, पण मोजणी कमी पडते.

म्हणून माझी सूचना अशी की, मुक्त बाजाराच्या धोरणात रस असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पूर्ण एका सत्राचा अभ्यास व इंटर्नशिपचा कार्यक्रम सुरू करावा. आठवड्यातले दोन दिवस वर्ग आणि चार दिवस काम असे त्याचे स्वरूप असावे. काम म्हणजे बाजार समितीचे कार्यालय, शेतकरी उत्पादक कंपनी, निर्यातदाराचे पॅकहाउस, पथविक्रेत्यांची संघटना, नगरपालिकेचा परवाना विभाग, एखादी धोरण-अभ्यास संस्था. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने एका नियमाचा अहवाल मराठीत लिहावा: नियम का आला, तो पाळण्याचा खर्च किती, तो कुणाच्या खिशातून जातो आणि नियम नसता तर काय झाले असते. पुण्या-मुंबईच्या पलीकडच्या महाविद्यालयांनाही हे जमण्यासारखे आहे, कारण अभ्यासाचा विषय बहुतेक वेळा त्यांच्याच तालुक्यात असतो.

अशा कार्यक्रमांचे नमुने आहेत. अमेरिकेत १९६७ मध्ये स्थापन झालेले ‘फंड फॉर अमेरिकन स्टडीज’ विद्यार्थ्यांना वॉशिंग्टनला आणते, दिवसा एखाद्या कार्यालयात काम देते आणि जोडीला अर्थशास्त्र व शासनव्यवस्थेचे वर्ग घेते. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी’ने १९९७ नंतर याच विचाराला भारतीय वळण दिले. तिथल्या इंटर्न मुलांनी फेरीवाले, सायकलरिक्षावाले आणि छोटे धंदेवाले यांना लागणारे परवाने प्रत्यक्ष शोधून काढले. संस्थेने २००५ मध्ये रस्त्यावरच्या उपजीविकेवर पुस्तक काढले, त्याला या कामाचा आधार होता. मला दिल्लीचा नमुना अधिक मोलाचा वाटतो. वॉशिंग्टनमध्ये विद्यार्थी कायदा बनतो कसा ते पाहतो, तर रिक्षावाल्यामागे फिरणारा विद्यार्थी तोच कायदा माणसाच्या दिवसभराच्या कमाईतून किती कापून नेतो ते पाहतो. मुक्त बाजाराची बाजू श्रीमंतांची, हा समज खोडून काढायचा असेल तर सुरुवात या दुसऱ्या ठिकाणाहूनच करावी लागेल. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ मध्ये झाला. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी ४० टक्के असावेत, असे त्यात लिहिले आहे. मुंबईत त्यासाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. मधल्या दहा वर्षांत परवान्याविना बसलेल्या विक्रेत्याने धंदा चालू ठेवण्यासाठी काय मोजले, हा एका सत्राचा विषय आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. बॉम्बे प्लॅनच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ स्थापन केली. एम. आर. पै यांनी ती वर्षानुवर्षे चालवली आणि नानी पालखीवालांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांना ब्रेबर्न स्टेडियमवर हजारोंची गर्दी जमू लागली. मिनू मसानींच्या पुढाकाराने देवळालीला लोकशाही प्रशिक्षणाचे केंद्र चालले. या कामाबद्दल पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते की ते बहुतांशी इंग्रजीत झाले, आणि शहरी मध्यमवर्गाच्या पलीकडे फारसे गेले नाही. ती भिंत शरद जोशींनी पाडली. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला आले, स्वतः कोरडवाहू शेती केली, उत्पादनखर्च मांडला आणि तोटा शेतकऱ्याच्या आळसातून येत नाही, धोरणातून येतो, हे हिशेबाने दाखवले. त्यांची ‘उणे सबसिडी’ची मांडणी अनेकांना अतिशयोक्ती वाटली होती. २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी भारतीय शेतीधोरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा निर्यातबंदी आणि बाजारावरील बंधनांमुळे शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार दीर्घकाळ ऋणच राहिल्याचे त्यातूनही दिसले. जोशींच्या शिबिरांत बसलेला कार्यकर्ता अर्थशास्त्राची पदवी नसतानाही या विषयावर तासभर बोलू शकत असे. पण त्यांच्या शेतकरी संघटनेला ओहोटी लागल्यावर हा विचार शिकवणारी जागा उरली नाही. विद्यापीठांनी ती घेतली नाही, हे त्यांचे अपयश आहे.

पहिला आक्षेप उघड आहे: एका विचारसरणीच्या प्रचाराला विद्यापीठाने क्रेडिट का द्यावेत? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वाचनयादीत द्यावे लागेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थकारणावर दिलेले व्याख्यान या विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात वाचावे. इंग्लंडच्या मुक्त व्यापाराचे नियम सर्व देशांना सर्व काळ लागू होत नाहीत, असे रानडे त्यात सांगतात. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. तिच्यामागे बाजारातही जात आणि सत्ता काम करतात, हा अनुभव होता. धनंजयराव गाडगीळ सहकाराचे आणि नियोजनाचे पुरस्कर्ते, पण पुण्यातल्या फळबाजाराची १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी त्यांच्याच नावावर आहे. फळ बागेतून ग्राहकापर्यंत कसे जाते आणि वाटेत कोण किती घेतो हे त्यांनी नोंदवले. आज ज्याला आपण फील्डवर्क म्हणतो त्याचा तो मराठी प्रदेशातला अस्सल नमुना आहे, आणि मुक्त बाजारवाद्यांनी तो या ‘विरोधी’ गुरूकडून शिकायला हवा. या तिघांना उत्तर देता येत नसेल, तर त्या विद्यार्थ्याची बाजार-निष्ठा ऐकीव आहे असेच समजावे. अहवाल तपासणारा एक परीक्षक वेगळ्या विचाराचा असावा, आणि नोंदवलेली आकडेवारी सर्वांना खुली असावी.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. बाजार समित्या काही कुणाच्या लहरीतून आल्या नाहीत. मापात मारणे, मनमानी कपात, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत, पैसे महिनोन्‌महिने थकवणे, या सगळ्याला आवर घालण्यासाठी वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा १८९७ मध्येच आला. महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा त्याच परंपरेतला. उघड लिलाव, प्रमाणित वजनकाटा आणि चोवीस तासांत पैसे या तत्त्वांनी शेतकऱ्याचे भले केले, हे नाकारणारा माणूस बाजारात कधी गेलेलाच नसतो. बिहारने २००६ मध्ये हा कायदाच रद्द केला, पण तिथे अपेक्षित खासगी बाजार उभे राहिले नाहीत. कायदा काढला की गोदामे, काटे, स्पर्धक खरेदीदार आणि भावाची माहिती आपोआप येत नाही. मुक्त बाजाराच्या समर्थकाने बिहारची ही गोष्ट विरोधकाच्या तोंडून ऐकण्याआधी स्वतः अभ्यासलेली असावी. मात्र याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. जो कायदा शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आला, त्याने पुढे मोजक्या परवानाधारकांच्या हाती खरेदीचा हक्क दिला. नवा व्यापारी आत येणे अवघड झाले, समितीची निवडणूक ही राजकारणाची पायरी बनली आणि आडत, हमाली, तोलाई यांचा भार शेतकऱ्याच्या पट्टीवर पडत राहिला. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला नियमनातून मुक्त केला आणि आडत खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी संप केला. त्यानंतर प्रत्यक्ष काय बदलले? आडत खरोखर शेतकऱ्याच्या पट्टीवरून गेली की भावातच वळती झाली? आवाराबाहेरच्या विक्रीत फसवणूक वाढली की दर सुधारला? या प्रश्नांची उत्तरे पिकागणिक आणि तालुक्यागणिक वेगळी निघतील. घोषणांतून ती मिळणार नाहीत. शंभर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या समोर ठेवून मिळतील.

सोयाबीनचेही तसेच. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे वर्षभरासाठी थांबवले आणि मग मुदत वाढत गेली. सट्टेबाजीमुळे महागाई वाढते, हा सरकारचा युक्तिवाद. पुढच्या महिन्यांच्या भावाचा अंदाजच हरवला, ही लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याची तक्रार. दोन्ही विधाने तपासता येतात आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला झेपतील इतकी ती सोपी आहेत.

राहिला पैशाचा प्रश्न. मुंबईत बिनपगारी चार महिने काढणे ज्याला परवडते तोच अशा कार्यक्रमात जाणार असेल, तर तो कार्यक्रम नको. व्हाइट हाउसमध्येही इंटर्नना २०२२ पर्यंत पैसे मिळत नव्हते, आणि त्यामुळे तिथे कोणत्या घरांतली मुले पोहोचत होती हे सांगायला नको. जालन्याच्या शेतमजुराच्या मुलीला खोली, मेस आणि प्रवास भागेल इतके विद्यावेतन मिळालेच पाहिजे. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले होते. त्याहून कमी देऊ नये. हा पैसा उद्योजक, व्यापारी, शेतकरी कंपन्या आणि माजी विद्यार्थ्यांनी द्यावा. मुक्त बाजाराचा अभ्यास सरकारी तिजोरीतून चालवण्याचा हट्ट मला योग्य वाटत नाही. पण देणगीदारांची नावे आणि रकमा जाहीर असाव्यात, कुणा एकाचा वाटा मोठा नसावा, आणि विषय किंवा निष्कर्ष ठरवण्यात त्यांचा हात नसावा. उद्योगपतींना स्पर्धा नेहमीच हवी असते असे नाही. आयात शुल्काचे संरक्षण, सवलतीची जमीन, प्रतिस्पर्ध्याला अडवणारा परवाना यांसाठी मंत्रालयाचे उंबरे झिजवणारेही उद्योगपतीच असतात. त्यांच्याविरुद्ध अहवाल लिहिण्याचे स्वातंत्र्य ज्या कार्यक्रमात नाही, तो मुक्त बाजाराचा नव्हे, धनिकांचा कार्यक्रम होईल.

विद्यापीठांना यासाठी नवा कायदा लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला चार क्रेडिट, म्हणजे १२० तास आहेत. आज अनेक ठिकाणी हे तास ओळखीच्या कार्यालयातून आणलेल्या प्रमाणपत्रावर भागवले जातात, आणि मुलांचा मौल्यवान वेळ त्यात वाया जातो. क्षेत्रप्रकल्पाचे क्रेडिट आणि एक-दोन ऐच्छिक विषय त्यांना जोडले तर सत्र उभे राहते. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप काम आणि आयआयटी मुंबईचा धोरण-अभ्यासक्रम यांची सांगड घालते. ही सांगड आपल्याकडे बसू शकते, हे त्यातून सिद्ध झाले आहे. समाजवादी किंवा सहकारी विचाराच्या विद्यार्थ्यांना असेच सत्र हवे असेल तर त्यांनाही ते मिळावे, आणि दोन्ही गटांनी एकाच आवारात, एकाच हंगामात काम करावे. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने येत्या जूनपासून वीस विद्यार्थ्यांनिशी सुरुवात करावी. उन्हाळ कांदा तेव्हा चाळीतून बाजारात येत असतो, आणि पहिला अहवाल त्याच्याच हिशेबाचा असावा.