दांडी ओढू नका, रेडिओ फिरवा

खरखर वाढली म्हणून जुना ट्रान्झिस्टर भंगारात देणार असाल, तर नाशिककरांनो, जरा थांबा. आपलं आकाशवाणी केंद्र एफएमवर, १०१.४ मेगाहर्ट्झवर. मीडियम वेव्हवर मात्र पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ काय, मुंबईचं ५५८ काय, सगळं घाटापलीकडून किंवा शेदीडशे किलोमीटरवरून येणारं. साहजिकच आवाज क्षीण. मग आपण चकचकीत दांडी ओढून लांब करतो, खिडकीबाहेर काढतो, आणि फरक काहीच पडत नाही. कसा पडणार? ती दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. मीडियम वेव्हचा एरियल डब्याच्या आत असतो: फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे.

ही कांडी बहुतेक रेडिओंत वरच्या कडेला आडवी बसवलेली असते. तिचं टोक स्टेशनाकडे झालं की आवाज बुडतो, कूस स्टेशनाकडे केली की उघडतो. पुणे आपल्या दक्षिणेला, म्हणून पुणे ऐकताना रेडिओची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. मुंबई नैर्ऋत्येला, तिच्यासाठी थोडा तिरपा करा. दिशा लक्षात नाही राहिल्या तरी चालेल. स्टेशन लावून रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवा. आवाज अगदी बुडेल तिथून काटकोनात वळवा. फळीवर जागा नाही म्हणून रेडिओ कडेवर उभा मात्र करू नका, कांडीही उभी होते आणि स्टेशन हरवतं.

तरीही खरखर राहिली, तर सेल घालून रेडिओ लावा आणि घराचं मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून बघा. आवाज स्वच्छ झाला, तर दोष घरातल्या एलईडी बल्बचा, मोबाइल चार्जरचा, इन्व्हर्टरचा. अशा वेळी रेडिओ त्या वस्तूंपासून हातभर तरी दूर न्या. सळ्यांचा स्लॅब आणि लोखंडी कपाटही लहरी अडवतात, तेव्हा खिडकीजवळची जागा बरी. सिन्नर-निफाडकडे मळ्यात हाच सेट खणखणीत वाजेल.

नवा रेडिओ घेताना शक्यतो लांब अंगाचा घ्या. खिशातल्या रेडिओत कांडी बोटभरही मावत नाही. आणि सेट हातातून पडल्यावरच मीडियम वेव्ह गेली असेल, तर मेकॅनिकला आधी आतली कांडी बघायला सांगा. फेराइट ठिसूळ असतं. कांडीचे दोन तुकडे झालेले असतात, किंवा वेढ्याची केसासारखी तार टाक्यापाशी तुटलेली असते. तार पुन्हा जोडता येते.