सप्तरंगीचे मूळ आणि पायांच्या चिखल्या

पावसाळ्याच्या दिवसांत कर्जत-खालापूरकडील दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेही ज्येष्ठांच्या पिशवीत बहुधा दोन वस्तू असतात. एक गोळ्यांची पाकिटे आणि दुसरी कागदात गुंडाळलेली एखादी मुळी, साल किंवा चूर्णाची पुडी. पहिली वस्तू डॉक्टरांसमोर ठेवली जाते. दुसरी पिशवीतच राहते. डॉक्टर रागावतील, ही त्यामागची भीती. वास्तविक त्या पुडीविषयी आम्हांला कळणे गोळ्यांइतकेच आवश्यक असते.

सप्तरंगीचेच उदाहरण घेऊ. तिच्या मुळांचा काढा मधुमेहावर घेण्याची प्रथा कोकणात जुनी आहे आणि ती निराधार नाही. श्रीलंकेत तिच्या जातभाईच्या, म्हणजे ‘कोथला हिंबुटू’च्या लाकडी पेल्यात रात्रभर पाणी ठेवून ते सकाळी पितात. त्या वनस्पतीतून जपानी संशोधकांनी १९९७ साली सॅलॅसिनॉल हे द्रव्य वेगळे केले. सप्तरंगीतही ते आढळते. आतड्यातील जी विकरे पिष्ट आणि साखर यांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करतात, त्यांना हे द्रव्य अडवते. त्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर झपाट्याने चढत नाही. अकार्बोज आणि व्होग्लिबोज या आमच्या गोळ्याही नेमके हेच करतात. दोन्ही वेळा भात जेवणाऱ्या प्रदेशात नेमके हेच मूळ औषध म्हणून रुजावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. (मूळ खणले की बहुधा वेलही जाते, हे मात्र काढा पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.)

अडचण वेगळीच आहे. गोळीत औषध किती हे पाकिटावर छापलेले असते. काढ्यात ते किती उतरले हे कोणालाच सांगता येत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना त्यावर सप्तरंगीचा काढा, कारल्याचा रस किंवा गुडमारचे चूर्ण घेतले, की साखर ७०च्या खाली उतरू शकते. तरुणाला घाम येतो, छातीत धडधडते, हात थरथरतात. सत्तरीच्या आजोबांमध्ये ही लक्षणे पुसट असतात. ते फक्त गोंधळल्यासारखे बोलतात किंवा डुलक्या घेतात आणि घरचे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. अशा वेळी आपण साखर चारतो. परंतु सप्तरंगी किंवा व्होग्लिबोज पोटात असेल, तर साध्या साखरेचे विघटनच मंदावलेले असते आणि ती वेळेवर कामी येत नाही. तेथे ग्लुकोजची पावडरच हवी. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णालय गाठावे.

वनस्पती आणि आधुनिक औषधे परस्परांच्या वैरी आहेत, असे मुळीच नाही. मेटफॉर्मिनचा उगम गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतील द्रव्यात आहे; फ्रेंच वैद्य ज्याँ स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेहावर वापरात आणले. मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांचे मूळही सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली मिळालेल्या फ्लोरिझिनपर्यंत जाते. फरक इतकाच, की त्या द्रव्यांची मात्रा आणि दुष्परिणाम मोजले गेले. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास जीवनसत्त्व बी-१२ कमी होऊ शकते आणि पायांची बधिरता वाढू शकते, हे त्या मोजणीमुळेच कळले. शाकाहारी ज्येष्ठांनी ही तपासणी अवश्य करून घ्यावी. उलट ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या गेलेल्या काही चूर्णांत मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले आढळले आहे. लेबल नसलेली पुडी आणि दोन दिवसांत गुण ही जोडी दिसली, की मला शंका येते.

मूत्रपिंडे दुबळी झालेल्या मधुमेहींनी कमरख खाऊच नये. त्यातील विषारी द्रव्य अशा रुग्णांच्या मेंदूवर परिणाम करते. सतत उचकी हे त्याचे पहिले लक्षण असू शकते.

आता पायांकडे येऊ, कारण आमच्याकडे आषाढ-श्रावणात मधुमेहाचे खरे संकट तेथे असते. साखर आटोक्यात ठेवल्याने नसांची हानी लांबते. परंतु बधिर झालेला पाय पूर्ववत होतो, असे कोणत्याही पाल्याविषयी सिद्ध झालेले नाही. लावणीच्या चिखलात दिवसभर उभे राहिले, की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांवर मेंदीचा पाला वाटून लावण्याची रीत घरोघरी आहे. जखमेत हळद भरण्याचीही. निरोगी माणसाच्या पायाचे त्याने सहसा फारसे बिघडत नाही. बधिर पायावर मात्र मेंदीचा तांबूस आणि हळदीचा पिवळा रंग चढला, की खालची लाली, पू, काळसर पडणारी कातडी काहीच दिसत नाही. वेदना नसल्यामुळे रुग्ण तक्रारही करीत नाही. लेपाखाली चार-पाच दिवस लोटतात आणि जी जखम ड्रेसिंग व प्रतिजैविकांनी भरली असती, तिच्यासाठी बोट कापण्याची वेळ येते.

म्हणून मधुमेही पायावर लेप नको. पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाण्याची उष्णता घरातील दुसऱ्या व्यक्तीने कोपराने अजमावावी, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. बेचक्या मऊ कापडाने टिपून कोरड्या कराव्यात. खोबरेल टाचांना लावावे, बेचक्यांत नाही. ज्येष्ठांना वाकता येत नाही, दृष्टीही अधू असते. तेव्हा मुंबईहून रात्रीच्या लोकलने परतणाऱ्या मुलाने किंवा सुनेने निजण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात दोन्ही तळवे, टाचा आणि प्रत्येक बेचका पाहावा. दोन मिनिटे पुरतात. फोड, चीर, एका पायाची सूज किंवा ऊब, दुर्गंधी, रंग बदललेले बोट, यांपैकी काहीही आढळले तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात यावे. ताप असेल किंवा बोट काळे पडले असेल, तर त्याच रात्री रुग्णालयात जावे. आणि येताना ती कागदातली पुडीही बरोबर आणावी.