पानिपतच्या वाटेवरचे उतार
आपला पूर्वज पानिपतावर गेला होता, एवढंच कितीतरी घराण्यांत ठाऊक असतं. तो गेला कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. ती वाट शोधायची तर आधी नद्यांचे उतार शोधावेत. तोफा, बैल, यात्रेला निघालेली बायकामाणसं, सगळ्यांनाच पार व्हायचं होतं. १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज बऱ्हाणपुरावरून हंडियाला आली, तिथं नर्मदा उतरली. समोरच्या काठावर नेमावर. पुढे चंबळ. मग पावसानं फुगलेली यमुना आडवी आली. ऑक्टोबरात अब्दालीनं बागपतजवळ ती ओलांडली आणि पुढे गेलेल्या मराठ्यांचा दिल्लीकडे परतायचा रस्ता तोडला. माझ्या मते पानिपतची कोंडी तिथंच सुरू झाली. म्हणून रणभूमीच्या आधी बागपतचा काठ पाहावा.